होमरचं उडालेलं आकाश: पारदर्शक किरमिजीचा एक प्रकरण अभ्यास

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये विन्सलो होमर (१८३६–१९१०) या अमेरिकन चित्रकाराचं १८८७ सालचं एक जलरंगचित्र आहे. नाव ‘फॉर टू बी अ फार्मर्स बॉय’, आकार साधारण ३५ बाय ५१ सेंटिमीटर. शेतात थांबलेला एक मुलगा, आणि वर जवळजवळ कोरं, पांढुरकं आकाश. होमरने ते तसं रंगवलं नव्हतं. तिथे लाल-नारिंगी सूर्यास्त होता. कागद जागच्या जागी राहिला, मुलगा राहिला, मातीचे रंग राहिले. आकाशातला लाल तेवढा उडून गेला.

पारदर्शक किरमिजी, म्हणजे असा उडून जाणारा लाल, वापरणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र नीट समजून घ्यावं असं आहे. यात दोष होमरच्या हाताचा नव्हता, कागदाचा नव्हता आणि भेसळीचाही नव्हता. त्या काळी चांगल्या दुकानात मिळणारा, चांगल्या दर्जाचा, दिसायला अप्रतिम असा रंग त्याने नेहमीच्या पद्धतीने पातळ करून वापरला होता. असाच रंग आजही ट्यूबमध्ये मिळतो.

कोणाला संशय का आला नाही

तैलचित्रात रंग उडाला तर ते जागेवरच कळतं. खाली पांढरा प्रायमर किंवा दुसरा थर उघडा पडतो आणि जाणकाराच्या डोळ्याला खटकतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. आकाश कोरं सोडणं, ओला रंग टिपकागदाने उचलणं, सुकलेला रंग पात्याने खरवडून कागद उघडा करणं ही सगळी या माध्यमाची रीतसर तंत्रं आहेत, आणि होमर त्यात पटाईत होता. याच चित्रात ओलं करून उचलण्याच्या आणि खरवडण्याच्या खुणा आहेत. अशा चित्रकाराचं पांढरं आकाश पाहिलं की बघणारा म्हणणार, त्याने ते मुद्दाम सोडलंय.

शुद्ध किरमिजीच्या वॉशचा, म्हणजे पाण्याने पातळ करून पसरलेल्या थराचा, त्रासच असा आहे. किरमिजी दुसऱ्या रंगात मिसळलेला असेल तर तो उडाल्यावर मागे साक्षीदार राहतो. जांभळ्यातला लाल गेला की निळं उरतं, तपकिरीतला गेला की पिवळट-हिरवट उरतं, आणि सावलीचा काळा हिरवा दिसायला लागतो. तिथे काहीतरी चुकतंय हे कळतं. किरमिजी एकटाच पातळ लावला असेल तर काहीच उरत नाही. कागद इतका स्वच्छ दिसतो की तिथे कधी काही होतं यावर विश्वास बसत नाही.

तपास कसा झाला

पहिला पुरावा कडेला सापडला. फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कागदाच्या पट्टीवर प्रकाश पोचत नाही, म्हणून रंग तिथे टिकून राहतो. जुन्या जलरंगाची तपासणी करताना सगळ्यात आधी माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) काढून ही कड बघायची. घरातल्या चित्रालाही हीच युक्ती लागू पडते. माउंटखालचा अर्धा सेंटिमीटर आणि उघडा भाग यात फरक दिसला की प्रश्न निकालात निघाला.

दुसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या दिसणाऱ्या आकाशात, कागदाच्या तंतूंमध्ये रंगाचे एखाद-दुसरे कण अडकून राहिले होते. हा रंग नक्की कोणता हे ठरवणं मात्र अवघड होतं. कण इतके थोडे की रासायनिक चाचणीला पुरत नाहीत, आणि चित्रातून मोठा नमुना कापून घेता येत नाही.

इथे उपयोगी पडला तो रामन परिणाम, म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलेला. लेसरचा प्रकाश पदार्थावर पडला की बहुतेक प्रकाश त्याच तरंगलांबीचा परततो. अगदी थोडा बदललेल्या तरंगलांबीचा परत येतो आणि तो बदल रेणूनुसार ठरतो, जणू रेणूच्या अंगठ्याचा ठसा. जुन्या लाल रंगांच्या बाबतीत याला एक अडचण येते: हे रंग लेसरखाली स्वतःच चमकतात आणि त्या चमकीत ठसा बुडून जातो. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर नमुना ठेवला की चमक दबते आणि रामनचा क्षीण संकेत लाखो पटींनी वाढतो. ही वाढ १९७७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या प्रयोगशाळेत ओळखली गेली. त्यांच्याच सहकार्याने आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्चेस्का कसाडियो आणि इतर शास्त्रज्ञांनी, संवर्धकांनी होमरच्या आकाशातले कण तपासले. २००८ साली संग्रहालयाने होमरच्या जलरंगांचं जे मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या निमित्ताने हे काम लोकांसमोर आलं.

सापडलेल्या रंगांपैकी एक मॅडर या वनस्पतीच्या मुळाचा आणि दुसरा ‘इंडियन पर्पल’. या दुसऱ्याचा भारताशी नावापलीकडे संबंध नाही. तो कॉचिनीअल किड्याच्या रंगाचा, तांब्याच्या क्षारासोबत बसवलेला जांभळट लेक आहे.

लाख, कृमी आणि मंजिष्ठा

रंगाच्या ट्यूबवरचा ‘लेक’ हा शब्द तळ्यातून आलेला नाही. तो आपल्या लाखेतून, संस्कृत लाक्षेतून, लॅटिनमार्गे युरोपात गेला. बायका पायाला लावायच्या तो अळताही लाखेच्याच रंगाचा. ‘किरमिजी’ आणि इंग्रजांचा ‘क्रिमझन’ सख्खी भावंडं आहेत. दोन्ही अरबी ‘किर्मिझ’मधून आले, आणि त्याच्या मुळाशी किड्याचा फारसी शब्द ‘किर्म’ आहे, आपल्या ‘कृमी’चा भाऊ. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण. आयुर्वेदातली मंजिष्ठा ‘रुबिया कॉर्डिफोलिया’, युरोपात लावली जायची ती ‘रुबिया टिंक्टोरम’. दोन्ही मुळांतून लाल निघतो.

लेक बनवण्याची रीत ढोबळमानाने अशी. मुळातला किंवा किड्यातला रंग पाण्यात उतरवून घ्यायचा, त्यात तुरटी घालायची, मग धुण्याचा सोडा किंवा पोटॅश थोडा थोडा सोडायचा. तुरटीतलं अॅल्युमिनिअम जेलीसारख्या पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं आणि बसताना रंगाला धरून ठेवतं. तो साका धुवून, वाळवून, घोटला की पावडर तयार. मॅडरचं पाणी ७० अंशांच्या वर तापू द्यायचं नाही, नाहीतर मुळातला तपकिरीपणा उतरतो आणि गुलाबी झाक मळते.

या रचनेतच या रंगाचं सौंदर्य आहे आणि दुखणंही. पांढरा साका डिंकात भिजला की जवळजवळ पारदर्शक होतो. त्याचा स्वतःचा रंग नसतो, म्हणून कागदाचा पांढरा आतून परतून येतो आणि वॉश काचेसारखा उजळतो. पण रंग देणारा भाग म्हणजे फक्त वरून धरलेले सुटे-सुटे रेणू. गेरूसारखा रंग आतून-बाहेरून गेरूच असतो. लेकमधल्या प्रत्येक रेणूला प्रकाश, हवेतला ऑक्सिजन आणि दमट हवा यांना एकट्याने तोंड द्यावं लागतं. प्रकाश शोषलेला रेणू ऑक्सिजनशी भिडतो, तुटतो, आणि तुटलेल्या तुकड्यांना रंग नसतो. पांढरा साका कागदावर तसाच राहतो आणि आपल्याला रंग उडालेला दिसतो. गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

मॅडरमधला मुख्य रंग अॅलिझरिन, आणि त्याचा सोबती परप्युरिन. दोन्ही १८२६ साली फ्रान्समध्ये वेगळे केले गेले. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी अॅलिझरिन प्रयोगशाळेत बनवलं. नैसर्गिक मॅडरपेक्षा त्याचा लेक जास्त टिकतो असं सांगितलं जातं. पण ‘मॅडरपेक्षा बरा’ आणि ‘पक्का’ यांत बरंच अंतर आहे. आजच्या ट्यूबवर ‘अॅलिझरिन क्रिमझन’ आणि रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ दिसला, तर तो हाच.

पातळ वॉशचा हिशोब

होमरच्या चित्रात आकाशच का गेलं? कारण आकाश पातळ असतं.

जाड थरात वरचे कण खालच्यांना सावली देतात. वरचा थर फिका पडला तरी खालून रंग दिसत राहतो. पातळ वॉशमध्ये कण कागदावर विरळ पसरलेले असतात आणि एकही कण सावलीत नसतो. त्यात गडद किरमिजीतला दहावा भाग गेला तर डोळ्याला कळत नाही, फिक्या गुलाबीतला तेवढाच भाग गेला तर लगेच कळतं. त्यामुळे एकाच ट्यूबमधला रंग गुलाबाच्या गाभ्यात वीस वर्षं ठणठणीत दिसू शकतो आणि पाकळीच्या कडेला दोन-तीन वर्षांत नाहीसा होऊ शकतो. ‘माझ्या जुन्या चित्रात तर अॅलिझरिन छान आहे’ असं सांगणाऱ्या चित्रकाराला विचारावं की चित्रातल्या कोणत्या भागात?

अमेरिकन मानक संस्था एएसटीएम रंगाचा टिकाऊपणा एक ते पाच अशा श्रेणींत मोजते. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे अगदी कच्चा. पीआर ८३ तेलात तिसऱ्या श्रेणीत बसतो, जलरंगात चौथ्या. रंगद्रव्य तेच. फरक थराच्या जाडीचा, आणि तेलाच्या पापुद्र्यात कण जास्त झाकले जातात त्याचा. कलावंतांच्या जलरंगांसाठीचं त्यांचं मानक फक्त पहिल्या दोन श्रेणी स्वीकारतं.

होमरने हे चित्र काढलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८८ साली, लंडनमध्ये रसेल आणि अॅबनी या शास्त्रज्ञांचा जलरंगांवरच्या प्रकाशाच्या परिणामाचा अहवाल आला. जलरंगाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांमध्ये भरून त्यांनी महिनोन्‌महिने उन्हात टांगल्या. काही नळ्यांत साधी हवा, काहींत कोरडी, काहींत दमट, काहींतून हवा काढून टाकलेली. कारमाइन आणि क्रिमझन लेक सगळ्यात आधी गेलेल्यांत होते. दमट हवेत रंग लवकर उडाले, आणि हवाच नसलेल्या नळ्यांत बहुतेक रंग टिकून राहिले. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने यातली दमट हवेची गोष्ट लक्षात ठेवावी. चार महिने ओलसर राहणाऱ्या भिंतीवर हेच चित्र कोरड्या खोलीपेक्षा लवकर विटतं, वर माउंटमागे बुरशीची भीती असतेच.

चित्राचं पुढे काय केलं

आकाश पुन्हा रंगवलं नाही. मूळ आकाश कसं असावं याची संगणकावर प्रतिमा तयार केली, चित्राला हात लावला नाही. कारण उघड आहे. जलरंगावर जलरंग चढवला की खालचा डिंक विरघळतो आणि होमरने लावलेला उरलासुरला कण नव्या रंगात मिसळून जातो. घरी फिकं पडलेलं जुनं चित्र ‘जरा टच-अप’ करून मागणारे बरेच भेटतात. चित्र दुसऱ्याचं असेल तर स्पष्ट नाही म्हणावं.

उरतो तो प्रकाशाचा हिशोब, आणि तो आकड्यांत मांडला की मनावर ठसतो. जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश ठेवतात. रोज ८ तास, वर्षभर: सुमारे १ लाख ४६ हजार लक्स-तास. ब्लू वूल या निळ्या लोकरीच्या मापपट्टीवरची सर्वांत कच्ची, पहिली पट्टी जेमतेम फिकी दिसायला सुमारे ३ लाख लक्स-तास लागतात, दुसरीला सुमारे १० लाख, तिसरीला ३० लाख. अतिनील किरण गाळलेल्या प्रकाशाचे हे आकडे आहेत. पीआर ८३ चा पातळ वॉश ढोबळमानाने दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीच्या आसपास वागतो.

आता आपली बैठकीची खोली घ्या. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर ५०० लक्स सहज असतो. रोज १० तास धरले तर ५ हजार लक्स-तास. २०० दिवसांत १० लाख, ६०० दिवसांत ३० लाख. म्हणजे वर्ष-दोन वर्षांतच फरक कळायला सुरुवात. थेट ऊन पडत असेल तर हा हिशोब महिन्यांवर येतो. यूव्ही काच, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, बसवली की झालं, असा एक समज आहे. ती काच उपयोगाची आहे, पण हे लेक नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतात. काच वेग कमी करते, एवढंच. वरून मारायच्या यूव्ही स्प्रेचंही तेच, आणि स्प्रेने कागदाचा पोत बदलतो तो वेगळा.

आजच्या पॅलेटवर काय ठेवावं

सुरुवात ट्यूबच्या मागच्या बाजूपासून करायची. पुढचं नाव सोडून द्यायचं. ‘क्रिमझन लेक’, ‘कारमाइन’, ‘रोज मॅडर’, ‘अॅलिझरिन’ या नावांनी प्रत्येक कंपनी आपापलं काहीही विकते. शाळेच्या डबीतल्या क्रिमझन लेकमध्ये किडाही नसतो आणि मंजिष्ठाही नसते. मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो खरा. क्रमांक छापलेलाच नसेल तर ती ट्यूब सरावाला ठेवावी, विकायच्या चित्राला नको.

एनआर ४ म्हणजे कॉचिनीअलचा कारमाइन, एनआर ९ म्हणजे खरा मॅडर, पीआर ८३ म्हणजे अॅलिझरिन. तिन्ही कच्चे. विन्सर अँड न्यूटनसारख्या कंपनीकडे अॅलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) आणि परमनंट अॅलिझरिन क्रिमझन (पीआर २०६) हे दोन्ही एकाच मालिकेत मिळतात. दुकानात घाईने उचलताना नेमकी चुकीची ट्यूब हातात येते.

पर्यायांत पहिला क्विनाक्रिडोन. १९५८ पासून बाजारात असलेल्या या कुटुंबाचे रेणू स्फटिकात एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसतात. लेकमध्ये रेणू सुटे, इथे एकमेकांत गुंफलेले, म्हणून क्विनाक्रिडोन पक्का. पीव्ही १९ हा एकच क्रमांक दोन वेगळ्या रंगांवर दिसतो, कारण स्फटिकाची ठेवण दोन प्रकारची असते. एक गुलाबी-लाल, दुसरी जांभळट. ‘पीव्ही १९ मागवला आणि भलताच रंग आला’ ही तक्रार इथूनच येते. मागवताना क्रमांकासोबत ‘रोज’ की ‘व्हायोलेट’ हे बघायलाच हवं.

गुलाबी पीव्ही १९ पारदर्शक आणि लखलखीत आहे, पण त्याला अॅलिझरिनची खोली नाही. जाड लावला तरी तो उजळच राहतो, रक्तासारखा गडद होत नाही. पीआर २०६ मध्ये खोली आहे पण तो तपकिरीकडे झुकतो. पीआर २६४ (पायरोल रुबिन) गडद आणि देखणा आहे, थोडा उबदार. पीआर १७७ झाकेने अॅलिझरिनच्या सगळ्यात जवळ येतो, पण त्याच्या पातळ वॉशवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आधी पट्टीवर तपासावा (रीत पुढे दिली आहे). एकाच रंगाने अॅलिझरिनची हुबेहूब जागा भरत नाही, हे मान्य केलं की काम सोपं होतं.

घरी जुळवायचं मिश्रण असं करता येतं: गुलाबी पीव्ही १९ तीन भाग, पेरिलीन मरून (पीआर १७९) एक भाग. १ मिलीच्या सिरिंजने मोजलं तर १.५ मिली आणि ०.५ मिली, मिळून फुल पॅनमध्ये (रंग भरायच्या छोट्या चौकोनी वाटीत) बसेल इतकं. दातकोरण्याने तळापासून घोटायचं. पट्टे दिसेनासे होईपर्यंत नाही, त्यानंतरही दोन मिनिटं. पॅन एकदम काठोकाठ भरायचा नाही. अर्धा भरून दोन-तीन दिवस सुकू द्यायचा, मग उरलेला. एकदम भरला की वरची साय आधी आवळते, आतला भाग नंतर आकसतो आणि पॅनमध्ये चिरा पडून खडे सुटे होतात. पावसाळ्यात डबी बंद करून सुकवली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर पांढरी लव येते. जाळीखाली, पंख्याच्या वाऱ्यात सुकवावी.

जुळणी ओल्यावर बघू नका. जलरंग सुकताना फिका आणि थोडा मळका होतो, आणि प्रत्येक रंगद्रव्य वेगवेगळ्या मापाने. गडद पट्टा आणि पातळ पट्टा दोन्ही सुकवून, दिवसाच्या उजेडात, अॅलिझरिनच्या पट्ट्याशेजारी ठेवायचे. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: गडद जुळला की थांबतात. पेरिलीनचा पातळ वॉश विटकरी होतो, अॅलिझरिनचा थंड गुलाबी. पातळात विटकरी झाक आली तर पेरिलीन निम्म्यावर आणा. आणि हे मिश्रण अल्ट्रामरीनमध्ये घालून जांभळा करायला जाऊ नका, तपकिरी गढूळपणा येतो. जांभळ्यासाठी नुसता पीव्ही १९ घ्यावा.

पारदर्शकता तपासायला पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईची रेघ ओढून पूर्ण सुकवावी आणि तिच्यावरून रंग फिरवावा. रेघेवर दुधी पडदा दिसला तर रंग अपारदर्शक. रेघ पहिल्यासारखीच काळी राहिली तर पारदर्शक.

पट्टीची चाचणी

ही चाचणी होमरच्या फ्रेमखालच्या कडेचीच नक्कल आहे: अर्धा भाग अंधारात, अर्धा उजेडात.

कागद तोच घ्यायचा ज्यावर खरं चित्र होणार आहे. ३०० जीएसएम कॉटन असेल तर तोच. ४ बाय १५ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. प्रत्येक रंगाची तीन पातळ्यांची द्रावणं करा: ०.५ मिली रंगाला २ मिली पाणी, मग १० मिली, मग ३० मिली. पहिलं जवळजवळ गडद, दुसरं मधलं, तिसरं आकाशाचा वॉश. खरा निकाल तिसरं देतं, आणि नेमकं तेच लोक करत नाहीत. पट्टीवर तीन आडवे पट्टे एकाच फटकाऱ्यात ओढा, प्रत्येक पट्ट्याआधी ब्रश स्वच्छ धुवा, आणि मागे पेन्सिलीने क्रमांक, प्रमाण, तारीख लिहा. शाईने नको, तीही उडते.

सगळं २४ तास सुकलं की पट्टी उभी, लांबीच्या दिशेने अर्धी झाका. म्हणजे तिन्ही पट्ट्यांचा अर्धा भाग झाकला जाईल. झाकायला अॅल्युमिनिअम फॉइल आणि वर पुठ्ठा. चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका. तिचा गोंद उन्हात वितळून कागदात मुरतो, आणि शेवटी दिसणारी रेघ प्रकाशाची की गोंदाची हे कळेनासं होतं. क्लिप लावा, आणि झाकणाची कड पेन्सिलीने खुणा करून पक्की करा. फॉइल २ मिलिमीटरही सरकलं तर मधे एक अर्धवट छटा तयार होते आणि निकाल गोंधळतो.

सोबत तीन पट्ट्या हव्यातच. एक पीआर ८३ ची, कारण ती नक्की उडणार हे माहीत आहे. ती उडाली नाही तर चाचणीला पुरेसा उजेड मिळालेला नाही. एक कोऱ्या कागदाची, कागद स्वतः पिवळतो का बघायला. आणि मिळालं तर ब्लू वूलचं कार्ड, तेही अर्धं झाकलेलं.

दक्षिणेकडची खिडकी सगळ्यात बरी. पट्ट्या काचेच्या आतून, काचेपासून २ सेंटिमीटर अंतर ठेवून उभ्या लावा. काचेला चिकटवल्या तर त्या तापतात, आणि पावसाळ्यात काचेवर जमलेल्या ओलीने डिंक सुटतो. बाल्कनीत उघड्यावर ठेवणं म्हणजे धूळ, पाऊस आणि प्रकाश यांची एकत्र परीक्षा. त्यातून रंगाबद्दल काहीच कळत नाही.

दर १५ दिवसांनी एकाच वेळी, एकाच जागी, राखाडी कार्डाशेजारी ठेवून फोटो काढा. डोळ्याची आठवण फार उदार असते, ती ‘तसाच आहे की’ म्हणते. कॅमेऱ्याचा एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्का करा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा फिक्या पडलेल्या गुलाबीला स्वतःच उजाळा देतो. ब्लू वूलची तिसरी पट्टी फिकी दिसली की झाकण उघडा. तिसऱ्या, सगळ्यात पातळ पट्ट्यात झाकलेल्या आणि उघड्या भागातली कड हात लांब करून धरल्यावरही दिसत असेल, तर तो रंग भिंतीवर जाणाऱ्या चित्राला नको. कड दिसली नाही तर पट्टी परत लावा आणि सहाव्या पट्टीपर्यंत चालू द्या. क्विनाक्रिडोनसारखे रंग तिथे आपली खरी ताकद दाखवतात.

कधी कधी दोन्ही भाग सारखेच, पण सुरुवातीपेक्षा बदललेले दिसतात. तेव्हा दोष प्रकाशाचा नसतो. कागदात आम्ल आहे, किंवा पट्ट्या ओलसर जागी होत्या. असा संशय असेल तर प्रत्येक पट्टीची एक जोडी सुरुवातीलाच पाकिटात घालून कपाटात ठेवावी. खर्च काही नाही.

आधीच काढलेल्या चित्रांचं काय

पीआर ८३ वापरलेलं चित्र घरात असेल किंवा विकलं गेलं असेल, तर त्याचा चांगला स्कॅन लगेच करून ठेवावा. ६०० डीपीआय, सोबत रंगपट्टी, टिफ फाइल. ग्राहकाला सरळ सांगावं की हे खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या पॅसेजमध्ये लावा, आणि शक्य असेल तर वर्षातून काही महिने उतरवून ठेवा. माउंट आम्लमुक्त हवा, आणि कागद काचेला टेकता कामा नये. वर्षातून एकदा माउंट उचलून कड बघायची.

खऱ्या मॅडरचं वेड असलेले चित्रकार आहेत आणि ते समजण्यासारखं आहे. कागदावर तो हळुवार बसतो, ओल्या ब्रशने सहज उचलतो, त्वचेच्या छटांना त्याच्यासारखा दुसरा नाही. तो बंद स्केचबुकात वापरावा. पुस्तक मिटलेलं असतं तोवर आत अंधार असतो, आणि अंधारात हा रंग उडत नाही.